नंबर तोच

सॉफ्टबॉलच्या सामन्यात अंपायर म्हणून मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, आणि तोही दुसऱ्याच्या जागी. आमच्या पी.टी.च्या सरांना निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा कागद आला, तालुक्याचे शालेय सामने दोन दिवसांवर आले आणि हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सावकाश नजर फिरवली. मी मराठीचा मास्तर. खेळाशी माझा संबंध म्हणजे रेडिओवरची कॉमेंट्री. पण त्या दिवशी माझे तास कमी होते, एवढ्या गुणवत्तेवर माझ्या गळ्यात शिट्टी पडली आणि हातात नियमांचं पुस्तक आलं. या खेळात अंपायरला शिट्टी लागत नाही, हे मला त्याच पुस्तकात वाचून कळलं. पण हेडमास्तरांनी दिलेली वस्तू परत कशी करायची, म्हणून ती सामनाभर गळ्यातच होती.

पी.टी.चे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. १९१४ साली निघालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मंडळी आपले देशी खेळ दाखवायला थेट जर्मनीत जाऊन आली. त्यामुळे वऱ्हाडातल्या पी.टी.च्या मास्तरांचा कणा इतरांपेक्षा जरा ताठ असतो. माझा कणा खुर्चीच्या आकाराचा. जाताना सर एवढंच म्हणाले, ‘‘बॉल-स्ट्राइक कसंही जमते. बदली खेळाडूचं तेवढं वाचून घ्या. भांडण तिथंच होते.’’

म्हणून त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन मी काकांच्या नर्सरीत जाऊन बसलो. घरी पोरांचा गलका. काकांकडे शांतता असते, आणि चहा मागावा लागत नाही.

खेळ तसा समजायला सोपा. चार बेस, दोन बेसमध्ये ६० फूट, एका बाजूचे नऊ जण, सात इनिंग. नावात सॉफ्ट असलं तरी बॉल मऊ नसतो. १२ इंच घेराचा तो गोळा नडगीवर बसला की नाव ठेवणाऱ्याची आठवण होते. बॅटला आमच्याकडची पोरं स्लगर म्हणतात. १८८७ साली शिकागोच्या एका क्लबात, नोव्हेंबरच्या थंडीत, काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीनं गुंडाळून त्याचा बॉल केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि आतल्या आत बेसबॉल खेळायला सुरुवात केली. म्हणजे हा खेळच मुळात बेसबॉलच्या जागी उतरलेला बदली खेळाडू. आपल्या देशात त्याची संघटना १९६१ मध्ये जोधपुरात निघाली, आणि मग तो शाळाशाळांतून फिरत फिरत सातपुड्याच्या पायथ्याशी, शेंदूरजनाघाटात, येऊन पोचला.

बदलीचा नियम असा. सुरुवातीच्या नऊ जणींपैकी कोणीही बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. पण आल्यावर बॅटिंगच्या क्रमात तिनं आपल्या जुन्याच जागी यायचं. दुसऱ्यांदा बाहेर गेली की कायमची गेली. बदली म्हणून आलेली मात्र एकदा बाहेर गेली की संपलं, तिला परतीचं तिकीट नाही. मला हे लग्नातल्या मानपानासारखं वाटलं. यजमानांच्या सख्ख्यांनी पंगतीतून उठून हात धुऊन पुन्हा बसावं, शेजाऱ्यानं एकदाच उठावं.

गंमत अशी की हा खेळ स्वतःच आपला नियम पाळत नाही. मुलींचा सॉफ्टबॉल १९९६ साली ऑलिंपिकमध्ये आला, २००८ नंतर बाहेर काढला गेला, टोकियोला परत आला, पॅरिसला पुन्हा बाहेर बसला आणि आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा येतो आहे. दोनदा बाहेर, दोनदा परत! एखाद्या कडक अंपायरनं मनावर घेतलं तर उद्घाटनालाच बेकायदेशीर प्रवेश म्हणून बोट दाखवता येईल. पण तसं होणार नाही, कारण त्यासाठी आधी कोणीतरी तक्रार करायला लागते.

आणि खरी मेख तीच आहे. कोच ‘टाइम’ मागून अंपायरकडे येतो, अमकीच्या जागी तमकी असं सांगतो, अंपायर ते कागदावर घेतो, स्कोअररला आणि समोरच्या संघाला कळवतो. हे झालं रीतसर. पण कोचनं न सांगताच पोरगी बदलली तर? मी समजत होतो, अंपायर धावत जाऊन तिला हाताला धरून बाहेर काढत असेल. पुस्तक म्हणत होतं, अंपायरनं गप्प बसायचं. त्याला दिसलं तरी त्यानं बोलायचं नाही. समोरच्या संघानं हरकत घेतली तरच त्याला कंठ फुटायचा.

बॅटिंगचा क्रम चुकला तरी तेच. समजा चौथीच्या जागी पाचवी येऊन उभी राहिली. तिची पाळी चालू असताना हरकत आली, तर खऱ्या चौथीनं यायचं आणि आधीचे जे काही स्ट्राइक झाले असतील त्यांचं ओझं डोक्यावर घेऊन खेळायचं. पाळी संपल्यावर पण पुढचा बॉल पडायच्या आत हरकत आली, तर जिनं यायचं होतं ती आउट आणि पाचवीच्या फटक्यावर निघालेल्या धावा रद्द. आणि एकदा का पुढच्या खेळाडूला बॉल पडला, की झालं ते सगळं कायदेशीर. पोराचं लग्न परस्पर झाल्याचं बारशाच्या दिवशी कळावं, आणि मग घुगऱ्या खाऊन घरी जावं, तसं.

मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. ते जंबेरीच्या रोपांपुढे पाटावर बसून डोळे भरत होते. हात थांबले नाहीत, पण कान माझ्याकडे होते.

‘‘म्हंजे तुले दिसते का पोट्टी दुसरी हाये, अन् तू चूप?’’

‘‘हो.’’

‘‘कोनी बोंबललं तरच बोलशीन?’’

‘‘हो.’’

‘‘मंग तुह्यात अन् आपल्या गावात फरक काय बाप्पा?’’

मला उत्तर सुचलं नाही. मी क्रिकेटचा दाखला दिला. तिथंही ‘हाउज दॅट’ म्हटल्याशिवाय अंपायर बोट वर करत नाही. काका म्हणाले, तिथं अकरा जण एकदम बोंबलतात, अंपायरला गप्प बसायला सवडच कुठं असते. हे खरं होतं.

आता इतक्या वर्षांनी वाटतं, मी निवडणुकीचं उदाहरण द्यायला हवं होतं. मास्तर म्हणून ती ड्युटी मी पुष्कळदा केली आहे. समोरचा मतदार तोतया आहे असा संशय उमेदवाराच्या पोलिंग एजंटाला आला, तर त्यानं आक्षेप घ्यायचा आणि त्यासाठी २ रुपये अनामत भरायची. मग केंद्राध्यक्षानं चौकशी करायची. आक्षेप खोटा आणि खोडसाळ निघाला तर २ रुपये गेले. आणि खरा मतदार नंतर आला, त्याच्या नावावर आधीच कोणी बटण दाबून गेलेलं असलं, तर त्याला कागदी मतपत्रिका देतात. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि एरवी मोजणीत धरत नाहीत. माणसाला मत दिल्याचं समाधान, पाकिटाला वजन, निकाल जिथल्या तिथं. २ रुपयांत एवढी करमणूक दुसरीकडे मिळत नाही.

पण त्या संध्याकाळी निवडणूक माझ्या डोक्यात नव्हती, कारण काकांनी स्वतःचीच गोष्ट काढली. आणि ती सांगायची तर आधी डोळा भरणं सांगायला हवं.

शेंदूरजनाघाटाचं नाव संत्र्याइतकंच संत्र्याच्या कलमांसाठी आहे. गावाभोवती फिरा, पिशव्यांतली रोपं शेंगेतल्या वाटाण्यांसारखी ओळीनं बसलेली दिसतात. ती रोपं संत्र्याची नसतात. ती असतात जंबेरीची. जंबेरी म्हणजे काटेरी, दांडग्या मुळाचं, आंबट लिंबू. तिचं बी वाफ्यात टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून डोळा काढायचा, म्हणजे ढालीच्या आकाराचा सालीचा तुकडा आणि त्यावर झोपलेला एक कोंब. तो चिरेत सरकवायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा. काकांचं बोट सालीखाली असं जाई की पाकिटात पत्र घालावं. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. खाली जंबेरीचे पाय, वर संत्र्याचं डोकं. सगळ्यांसमक्ष, नोंद करून केलेली रीतसर बदली. मुळं कष्ट करणार जंबेरीची आणि नाव होणार संत्र्याचं, याबद्दल जंबेरीनं आजवर तक्रार केलेली नाही.

(संत्र्याच्या नावाचंही काय घेऊन बसलात म्हणा. पिकतं आमच्या वरुड-मोर्शीत, आणि बाजारात जातं नागपूरची जर्सी घालून. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘नागपूर संत्रा’ म्हणून. आमचा शेतकरी मुंबईत पाहुण्यांकडे जातो तेव्हा स्वतःच्या गावच्या फळाची ओळख त्याला पाहुणेच करून देतात: ‘‘घ्या, नागपूरची आहेत.’’ तो मुकाट्यानं सोलतो.)

काकांनी पहिली बाग लावली तेव्हा ते तरणे होते आणि कलमं विकत आणली होती. त्यातल्या अकरा झाडांचा डोळा केव्हातरी मेला आणि डोळ्याखालून जंबेरीची फूट जोरात वर आली. अशी फूट दिसली की लगेच खुडायची असते. ती राहून गेली. झाड वाढलं, इतरांपेक्षा जोमानं वाढलं. पान जरा मोठं, काटा जरा जास्त, चुरगाळलं तर वास लिंबाचा. पण जोमदार झाडाकडे संशयानं कोण बघतो? काका पाहुण्यांना मुद्दाम तीच झाडं दाखवत. सहाव्या वर्षी फळ धरलं. पिवळं, जाड सालीचं, सुरकुतलेलं, आणि तोंडात टाकलं तर कानापर्यंत आंबट.

काकांनी सालदाराला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘हे तं जंबेरी हाये मालक. मले दुसऱ्याच साली दिसलं.’’

‘‘मंग सांगतलं काहून नाही?’’

‘‘तुमी कुठं इचारलं? मले वाटलं, तुमाले माईत असंन.’’

काका इतकं बोलून थांबले, डोळ्यावर पट्टीचा शेवटचा वेढा दिला आणि म्हणाले, ‘‘त्याले अंपायर कराले पायजे होतं.’’

झाडं त्यांनी तोडली नाहीत. पाच वर्षांची मुळं तोडायचा धीर होत नाही. पुढचा बॉल कधीच पडून गेला होता. मात्र त्या अकरा झाडांच्या फळांतलं बी धुऊन, राख लावून, सावलीत वाळवून त्यांनी पहिला वाफा टाकला. ज्या नर्सरीत मी पुस्तक घेऊन बसलो होतो, तिची सुरुवात ही अशी.

सामना सकाळी दहाचा. मैदानावर फक्कीनं रेघा मारलेल्या, बेस म्हणून बारदान्याच्या घड्या, त्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून मातीची ढेकळं. दोन्ही संघ मुलींचे. दोन्ही कोचांनी मला नऊ-नऊ नावांचे कागद दिले, खाली राखीव खेळाडूंची नावं. स्कोअरर म्हणून एका शाळेचे लिपिक होते, अक्षर मोत्यासारखं आणि वेग हेडमास्तरांच्या सहीसारखा.

दोन्ही शाळांकडे जर्स्या मात्र नऊच होत्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि पुस्तकातही कुठं आलेलं नव्हतं. जिथं हे पुस्तक लिहिलं गेलं, तिथं राखीव खेळाडूलाही जर्सी मिळत असावी. आमच्याकडे पोरगी बदलायची म्हणजे दोघींनी व्हरांड्यामागच्या वर्गात जायचं, आणि आतून जर्सी एकीच्या अंगावरून उतरून दुसरीच्या अंगावर चढून बाहेर यायची. पोरगी बदलली तरी नंबर तिथंच. माझ्या हातातल्या कागदावर सात नंबर होता, आणि मैदानावरही सात नंबर होता. कागदाच्या दृष्टीनं गावात काहीही घडलेलं नव्हतं.

चौथ्या इनिंगमध्ये सात नंबरची पोरगी सेकंड बेसवर घसरली आणि तिचा गुडघा सोलला. पाचव्यात त्यांची बॅटिंग आली आणि सात नंबर पुन्हा प्लेटवर आला. आधीची सात नंबर उंच, दोन वेण्या, उजव्या हातानं खेळणारी. ही वीतभर बुटकी, केस कानापर्यंत, आणि उभी राहिली ती डावखुरी. आधीची तिकडे लिंबाखाली शाळेच्या गणवेशात गुडघ्यावर हळद दाबून बसलेली मला स्पष्ट दिसत होती. तिनं मला हातही केला.

मी गप्प.

असं गप्प बसणं फार अवघड असतं. वर्गात एखाद्यानं दुसऱ्याच्या नावावर ‘हजर सर’ म्हटलं तर मी पाठ असतानासुद्धा ओळखतो आणि खडू फेकतो. इथं खडूही नाही आणि परवानगीही नाही. मी समोरच्या संघाच्या कोचाकडे बघितलं. नुसतं बघितलं; भुवई वर केली असती तर ती फितुरी झाली असती. त्यानं माझ्याकडे बघितलं, त्या डावखुरीकडे बघितलं, आणि मग तो अत्यंत मन लावून भुईमुगाच्या शेंगा फोडू लागला. कारण मला नंतर उमगलं. त्याची तीन नंबरही दोन इनिंगमागे वर्गात जाऊन गोरी होऊन आली होती. दोघांनी एकमेकांचं माप बघून ठेवलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी असं धरलं होतं की दोन संघांपैकी एक तरी स्वच्छ असेल.

बघायला आलेल्या पोरांना, शिक्षकांना, कुंपणावर बसलेल्या दोन गुराख्यांना, सगळ्यांना माहीत होतं. हरकत कोणाचीच नव्हती.

दुसऱ्याच बॉलला तिनं स्लगर फिरवला. ठण्ण. बॉल शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून गेला, मैदान संपवून उभ्या ट्रॉलीखाली शिरला, आणि फिल्डर पोरी संत्र्याच्या रिकाम्या कॅरेटांमागे तो शोधू लागल्या. ही धावत सुटली. फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्डच्या बारदान्यावर येऊन थांबली, छातीचा भाता करून. टाळ्या झाल्या. स्कोअररनी पेन उचललं, सातच्या रकान्याशी गेले, आणि लिंबाखालची पोरगी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागली.

पुढची पोरगी प्लेटवर आली. पिचरनं बॉल ग्लोव्हमध्ये घेतला. एक बॉल पडला की सगळं झाकलं जाणार होतं, आणि खरं सांगतो, मला त्याची घाई झाली होती.

तेवढ्यात थर्डवरून हाक आली.

‘‘सर! ओ सर! माह्यं नाव लिहा ना! तिचं नोका लिहू. बॉल म्या मारला!’’

सामन्यात पहिल्यांदा मी ‘टाइम’ ओरडलो. शिट्टीही वाजवली, एवीतेवी गळ्यात होतीच.

त्यांचा कोच पळत आला. ‘‘काय झालं सर? नंबर तोच हाये ना? मंग बदललं काय?’’ त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा अजिबात नव्हता. नऊ जर्स्या विकत घेतलेल्या माणसाला नंबर हाच खेळाडू वाटला, तर त्याचं फारसं चुकत नाही.

इतक्यात दुसऱ्या कोचालाही आपले हक्क आठवले. शेंगांची टरफलं झटकत तो आला. ‘‘सर, आमची अपील हाये. न सांगता बदली केली. पोरगी आउट द्या.’’

मी पुस्तक उघडलं. त्या संध्याकाळी काकांच्या नर्सरीत पेन्सिलीनं खूण केलेली ओळ सापडली. समोरच्यांनी हरकत घेण्याआधी त्याच संघानं स्वतःहून बदली कळवली, तर गुन्हा धरायचा नाही; ती न कळवता कितीही वेळ खेळलेली असो. मी ती ओळ मोठ्यानं वाचली, मग मराठीत सांगितली, मग वऱ्हाडीत सांगितली.

‘‘पन तिनं तं नावासाठी सांगतलं,’’ तो म्हणाला.

‘‘का सांगितलं ते पुस्तकात विचारत नाहीत.’’

त्यानं थोडा वेळ विचार केला. मग आवाज खाली आणून, जवळ येऊन म्हणाला, ‘‘मंग आमच्या तीन नंबरचंही लिहून घ्या आत्ताच. मी सांगतलं हं. मी पयले सांगतलं.’’

घेतलं लिहून. स्कोअररनी सातच्या रकान्यातलं पहिलं नाव एका रेघेनं खोडलं आणि त्याच्यावर, मुंगीच्या अक्षरात, दुसरं लिहिलं. थर्डवरची पोरगी तोवर टेबलापाशी येऊन, मान वाकडी करून बघत होती. ‘‘आडनाव बी लिहा. अन् मधात बाबाचं नाव.’’ लिपिक म्हणाले, जागा नाही. ती म्हणाली, समासात लिहा. त्यांनी समासात लिहिलं. मग तिनं स्वतः बोट ठेवून वाचलं, एक वेलांटी दीर्घ करून घेतली. मराठीचा मास्तर म्हणून ती माझ्या नजरेतून सुटली होती. मग ती पळत थर्डवर जाऊन उभी राहिली.

मी हात खाली केला, ‘प्ले’ म्हणालो, आणि पुढचा बॉल पडला.